‘मात दिली’ की ‘मात केली’?

प्रश्न : रणजी करंडकाच्या २०२२ च्या अंतिम सामन्याबद्दल मी ‘मध्य प्रदेशाने मुंबईला मात दिली’ असे लिहिले. पुण्याच्या मावशीने ‘हे हिंदी झालं’ म्हणून खोडले. चूक नेमकी कुठे आहे? ‘हरवले’, ‘लोळवले’, ‘चीतपट केले’ यांतले काहीही चालते का?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : मावशींचे बरोबर आहे. हिंदीत ‘को मात दी’, मराठीत ‘वर मात केली’. इंदुरात दिवसभर कानांवर हिंदी पडते, म्हणून ‘देणे’ येते आणि त्याचा हात धरून ‘ला’ही येतो. दोन्ही बदलायला हवेत. ‘मुंबईला मात केली’ म्हणजे अर्धीच दुरुस्ती. ‘मात’ स्त्रीलिंगी, त्यामुळे जिंकणारा कोणीही असो, ‘केली’च. पूर्ण वाक्य असे : ‘मध्य प्रदेशाने मुंबईवर सहा गडी राखून मात केली.’

शब्द फारसीतून आलेला, बुद्धिबळातला. राजाला शह बसला आणि सुटायला घरच उरले नाही, की मात. आपण आजारावर, अडचणींवर मात करतो. म्हणजे समोरचे काहीतरी भारी असावे लागते. मुंबईच्या नावावर तेव्हा ४१ रणजी विजेतेपदे होती, मध्य प्रदेशाच्या नावावर एकही नाही. तिथे हाच शब्द शोभतो.

‘हरवणे’ कुठेही चालते, फक्त ‘ला’ गाळू नका. ‘मध्य प्रदेशाने मुंबई हरवली’ म्हटले, तर पाकीट हरवल्यासारखे वाटते.

‘लोळवणे’ एकतर्फी सामन्यासाठी. इथे नुसता फरकाचा आकडा फसवतो. १९४४-४५ च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईने आपल्या इंदूरच्या होळकर संघाला ३७४ धावांनी हरवले. आकडा वाचून ‘लोळवले’ लिहावेसे वाटेल. पण ८६७ धावांचा पाठलाग करताना होळकर संघाने ४९२ केल्या, त्यांत इंग्लंडचा फलंदाज डेनिस कॉम्प्टन नाबाद २४९! इतका झुंजलेला संघ लोळवला गेला, असे म्हणणे अन्यायाचे आहे. ‘हरवले’ पुरे.

‘चीतपट’ कुस्तीचा शब्द : दोन्ही खांदे एकदम मातीला किंवा गादीला टेकले की कुस्ती तिथेच संपते. गुणांवर जिंकलेल्या पैलवानाने प्रतिस्पर्ध्याला ‘चीतपट केले’ असे लिहिणे साफ चूक. क्रिकेटला लावायचाच असेल, तर डावाने मिळालेल्या विजयाला लावा. दोन-तीन गडी राखून जिंकलेल्या सामन्याला नको.