फी थकली तरी फाइल अशिलाचीच

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र कालच मिळालं. दावा अर्ध्यावर आहे, अशिलाला वकील बदलायचा आहे, तुझी फी थकली आहे आणि तो फाइल मागतो आहे. ऑफिसातले म्हणतात, पैसे हातात पडेपर्यंत कागद सोडू नकोस. त्यांचं ऐकू नकोस. फाइल देऊन टाक.

ऑफिसातल्यांचा हा सल्ला कुठून येतो ते सांगतो. मुंबईचा सॉलिसिटरीचा पेशा इंग्लंडच्या धर्तीवर उभा राहिला आणि तिथे फी मिळेपर्यंत अशिलाचे कागद ताब्यात ठेवण्याचा सॉलिसिटरचा हक्क मानला जातो. आपल्याकडे तो नाही. तू आर्टिकलशिप, म्हणजे सॉलिसिटरच्या हाताखाली उमेदवारी, करून सॉलिसिटरची परीक्षा दिली असलीस, तरी तुझी सनद १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टखालची आहे आणि नियम बार काउन्सिलचेच, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेचेच, लागू आहेत.

२००० सालचा आर. डी. सक्सेना प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मुळातून वाच. मध्य प्रदेशातल्या सहकारी बँकेने सक्सेना या आपल्या वकिलांकडून काम काढून घेतलं. त्यांनी ९७,१०० रुपयांचं बिल लावलं आणि फाइली अडवल्या. बार काउन्सिलने त्यांना १८ महिने वकिलीतून दूर ठेवण्याची आणि १,००० रुपये दंडाची शिक्षा दिली. न्यायालयाने ती ताकिदीवर आणली, कारण तोवर या मुद्द्यावर स्पष्ट निकाल नव्हता. आता ती सबब कुणालाच उरलेली नाही. मागितल्यावर फाइल न देणं हे गैरवर्तनच, असं न्यायालयाने ठरवलं आहे. मला त्यातलं कारण मोलाचं वाटतं: फीसाठी वकिलाला दावा लावता येतो, पण चालू खटल्यात कागद अडकले तर अशिलाचा खटलाच बुडतो, आणि आपल्याकडे कितीतरी पक्षकारांना लिहिता-वाचताही येत नाही.

तेव्हा आधी यादी कर. मूळ खरेदीखत, सूची क्रमांक २ (दस्तनोंदणीचा उतारा), सातबारा, पत्रव्यवहार, सगळं पानांच्या संख्येसह. यादीच्या दोन प्रती काढ, एकीवर तारीख घालून अशिलाची सही घे, आणि आपल्यासाठी कागदांची झेरॉक्स ठेव. नव्या वकिलाला तुझी ना-हरकत लागेल, तीही अडवू नकोस. तू नाही दिलीस तरी कोर्टाच्या परवानगीने तो उभा राहू शकतो.

तू लिहितेस की खर्चासाठी घेतलेले काही पैसे शिल्लक आहेत. मोह इथेच होतो. काम चालू असताना खर्चाची रक्कम अशिलाच्या लेखी संमतीशिवाय फीकडे वळवता येत नाही. कुठली रक्कम फीची आणि कुठली खर्चाची, हे वहीत वेगवेगळं हवं. हिशेबाची प्रत मागितली तर द्यावी लागते, तू न मागता दे.

आणि राग आला म्हणून त्याची गोष्ट बार रूममध्ये बोलू नकोस. अशिलाने विश्वासाने सांगितलेलं गुप्त ठेवण्याचं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ चं बंधन काम संपल्यावरही राहतं.

फाइल, खर्चाचे पैसे आणि गुप्तता या तिन्हींपैकी कशातही चूक झाली, तर अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम ३५ खाली तक्रार महाराष्ट्र व गोवा बार काउन्सिलच्या शिस्तपालन समितीपुढे जाऊ शकते. तिथे ताकिदीपासून सनद रद्द होईपर्यंत काहीही घडू शकतं. थकलेल्या फीपायी ते ओढवून घेऊ नकोस.

फी मात्र सोडू नकोस. तो तुझा घामाचा पैसा आहे. फाइल पोचती झाली की वेगळी नोटीस पाठव, तिच्यात कामांच्या तारखा आणि ठरलेली रक्कम नीट मांड. मसुदा आधी मला दाखव.