कोचीहून गाळ मागवण्याआधी

अनेक आशीर्वाद.

अरबी समुद्राच्या तळातल्या गाळावरून जुन्या मोसमी पावसाचा अभ्यास करायचाय, पण जहाजावर वर्णी कशी लागेल, असं तू विचारलं आहेस. जहाजाचा नाद तूर्त सोड. समुद्रतळ खोदणाऱ्या 'जॉइडिस रेझोल्यूशन' जहाजाच्या मोहिमा २०२४ मध्ये थांबल्या. त्याने वर काढलेला गाळ मात्र जागच्या जागी आहे. २०१५ची ३५५ क्रमांकाची मोहीम अरबी समुद्रातल्या लक्ष्मी खोऱ्यात गेली होती. गोव्याच्या ध्रुवीय आणि सागरी संशोधन केंद्राचे धनंजय पांडे आणि लुइझियाना विद्यापीठाचे पीटर क्लिफ्ट यांनी मिळून तिचं नेतृत्व केलं. तिचे कोअर, म्हणजे नळीने काढलेले गाळाचे लांब दंडगोल, आज कोचीच्या संग्रहात आहेत. हे कोची केरळातलं नव्हे, जपानातलं.

मोहिमेवरच्या शास्त्रज्ञांचा वर्षभराचा राखीव हक्क केव्हाच संपला, त्यामुळे आता कोणीही अर्ज करू शकतं. नमुन्याचे पैसे लागत नाहीत, पण निष्कर्ष छापायचं बंधन येतं. 'मोसमी पावसाचा अभ्यास' एवढ्यावर भागत नाही. कोणता भाग, किती घनसेंटिमीटर, त्यावर कोणत्या चाचण्या, हे सगळं लिहायचं. फोरॅमिनिफेरा म्हणजे कवचवाले सूक्ष्म समुद्रजीव. त्यांच्या कवचातले आयसोटोप (एकाच मूलद्रव्याचे हलके-जड अणू) मोजायला साधारण १० घनसेंटिमीटर गाळ पुरतो. पहिल्या खेपेला वीसेक नमुनेच माग. कवच किती निघतं, ते टिकलंय की विरघळलंय, हे कळल्यावर पुढचं बघता येईल.

आणि आधी थरांची वर्णनं वाच. सिंधू नदीचा गाळ इथे लोंढ्यांनी येऊन पडतो. अशा वाळूच्या थरातली कवचं वेगवेगळ्या काळांतली असतात, तिथे हवामान शोधू नकोस. मोहिमेने खोदलेल्या यू१४५६ या जागी तर खाली तीनशे मीटरहून जाड 'नटराज' दरड आहे. सुमारे १ कोटी ८ लाख वर्षांपूर्वी किनाऱ्याकडून कोसळलेली. तिच्यात जुनं वर आणि नवं खाली असंही सापडतं.

आता नमुन्याचा पत्ता. पिशवीवर '३५५-यू१४५६ए-३एच-४डब्ल्यू, ५०-५२ सेंमी' अशा धाटणीचं काहीतरी असेल. म्हणजे मोहीम, जागा, त्या जागेवरचं पहिलं भोक, तिसरा कोअर, त्याचा चौथा तुकडा. 'एच' म्हणजे मऊ गाळात पिस्टनने घुसवलेली साडेनऊ मीटरची नळी. 'डब्ल्यू' म्हणजे उभ्या चिरलेल्या कोअरचा वापरायचा अर्धा भाग, दुसरा अर्धा जपून ठेवतात. ५० सेंमी हे त्या दीड मीटरच्या तुकड्याच्या माथ्यापासूनचं अंतर आहे, समुद्रतळापासूनचं नव्हे. हा अख्खा पत्ता वहीत उतरव. 'नमुना ७' असं नाव दिलंस की तो कुठला हे सहा महिन्यांनी तुलाच कळणार नाही, मग जर्मनीतल्या सहकाऱ्याचं काय!

पण खरा घोळ खोलीचा. वर येताना दाब उतरतो, गाळ फुगतो आणि साडेनऊ मीटरच्या नळीत त्याहून जास्त गाळ भरतो. शिवाय दोन कोअरांच्या मधला थोडा गाळ हरवतोच. म्हणून शेजारी आणखी भोकं पाडतात आणि रंग, चुंबकीय गुणधर्म जुळवून एक सलग जोडखोली बनवतात. ही जोडखोली मूळ खोलीपेक्षा साधारण दहा टक्के लांब निघते. म्हणजे १०० मीटरवर १० मीटरचा फरक. हजार वर्षांत १० सेंमी गाळ साचत असेल, तर तो फरक एक लाख वर्षांचा झाला! तू एक खोली धरलीस आणि सहकाऱ्याने दुसरी, तर तुमचे आलेख एका अख्ख्या हिमयुगाच्या फेऱ्याने चुकतील आणि दोघांनाही आपलंच बरोबर वाटेल. तक्त्यात मूळ खोली आणि जोडखोली, दोन्हींचे रकाने ठेव.

कवचं वेगळी करायला गाळ चाळणीवर धुतात, त्या धुलाईत एक जुनी युक्ती सोडू नकोस. ६३ मायक्रॉनची चाळणी दर नमुन्यानंतर मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाच्या पाण्यात बुडवायची. जाळीत अडकलेलं आधीच्या नमुन्याचं कवच निळं होतं, मग पुढच्या नमुन्यात ते दिसलं की बाजूला काढायचं. शेवटचं पाणी डिस्टिल्डच घे. निवडताना एकाच प्रजातीचं, एकाच मापाचं कवच घे, उदाहरणार्थ २५० ते ३५५ मायक्रॉनमधलं ग्लोबिजेरिनॉइडीस रुबर या फोरॅमिनिफेराचं. माप बदललं की आयसोटोपचा आकडाही हलतो.

कवचातल्या मॅग्नेशियम-कॅल्शियमच्या प्रमाणावरून समुद्राचं जुनं तापमान काढणार असशील, तर कवचं साफ करायची पद्धत सहकाऱ्यांशी आधीच ठरव. क्षपणाची (कवचावरचा धातूंचा लेप रसायनाने उतरवायची) पायरी घेतली तर प्रमाण सुमारे दहा टक्क्यांनी उतरतं, आणि एका अंशाला नऊ टक्के धरतात. म्हणजे तुमच्या दोघांत एक अंशाचा फरक, तोही समुद्राने न केलेला.

वयांचंही तसंच. कार्बन-१४ वरून वय काढणारे १९५० पासून मागे मोजतात, बर्फाचे गाभे अभ्यासणारे बहुधा २००० पासून. समुद्री नमुन्याचं कार्बन वय खऱ्या वर्षांत बदलायला वक्र वापरतात. जुन्या 'मरीन१३' वक्रासाठी काढलेली स्थानिक दुरुस्ती नव्या 'मरीन२०'ला तशीच लावू नकोस, ती नव्याने काढावी लागते. आणि फक्त दुरुस्त केलेलं वय देऊ नकोस. मूळ कार्बन वय आणि प्रयोगशाळेचा क्रमांकही दे, म्हणजे पुढचा वक्र आला की कोणालाही पुन्हा मोजता येईल.

लेखकांची नावं आणि क्रम पहिला नमुना मोजायच्या आधी ईमेलवर ठरवा. इथे संकोच नको, नंतरची भांडणं फार वाईट असतात. आकडे 'पॅन्जिया' या खुल्या माहिती-भांडारात ठेवायचे असतील तर तिथले रकाने आजच बघून घे.

अर्जाचा मसुदा पाठव. खोलीचा रकाना भरून.