खेळाडूला मणक्याचा सर्जन व्हायचे असेल तर

नागपुरातील मानकापूरच्या क्रीडा संकुलात पहाटे धावून मग वर्गात येणाऱ्या तुला मणक्याचा सर्जन व्हायचे आहे, हे ऐकून मला मनापासून आनंद झाला, कारण मीही या शहरात अशीच धावत होते. आधी वर्षांचा हिशेब नीट मांड: आंतरवासितेसह एमबीबीएसची साडेपाच वर्षे, अस्थिरोगातील एमएसची तीन आणि त्यानंतर मणक्याच्या शस्त्रक्रियेची फेलोशिप, म्हणजे विशेष प्रशिक्षण. या काळात स्पर्धा सुटतील आणि त्याचे दुःख होईल. ते दडवू नकोस.

वेगवान गोलंदाजाची पाठ चेंडू टाकताना एकाच वेळी मागे वाकते आणि वळते, आणि या पुनःपुन्हा येणाऱ्या ताणाने कमरेच्या खालच्या मणक्याच्या मागील कमानीला बारीक तडा जाऊ शकतो. असा मुलगा समोर बसला की प्रथम विचारतो, "पुन्हा खेळता येईल ना?" बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही, काही महिन्यांची विश्रांती आणि पाठीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम पुरतात; पण ती विश्रांती त्याच्या गळी उतरवणे हे, माझ्या मते, टाके घालण्याहून अवघड काम आहे, आणि स्वतः मैदान सोडलेल्या डॉक्टरचे तो अधिक ऐकतो.

व्यायाम मात्र सोडू नकोस, कारण शस्त्रक्रियेत क्ष-किरणांपासून वाचवणारा शिशाचा जड ॲप्रन घालून तासन्‌तास मान वाकवून उभे राहावे लागते. मेडिकलला प्रवेश मिळाला, तर अपघात विभागात आवर्जून थांब आणि मणका मोडलेल्या रुग्णाला चार जण एकाच इशाऱ्यावर, ओंडक्यासारखे सरळ ठेवून, कुशीवर कसे वळवतात ते पाहा.