सेल्फ मारण्याआधी: बोटीच्या इंजिनाची प्रश्नोत्तरे

१ जूनच्या पावसाळी मासेमारी बंदीपासून बोट शाकारून ठेवली होती. आता पाण्यात उतरवली, बॅटरी चार्ज केली. थेट सेल्फ मारला तर चालेल का? (हर्णे)

नको. आधी डिपस्टिक काढून बघा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी गेलंय, ते कुठून आलं हे कळेपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही. ऑइल ठीक असेल तर बॅटरीचा मेन स्विच बंद करा, स्टॉप लिव्हर ओढून ठेवा आणि पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कॉम्प्रेशनला पाना जड लागतो, पण दाब धरून ठेवला की हळूहळू सुटतो. एकदम अडला आणि हलेचना, तर सिलिंडरमध्ये पाणी किंवा डिझेल असू शकतं. पाइप लावून जोर करू नका, इंजेक्टर काढून मगच फिरवा. आणि पाना आठवणीने काढा. पुलीवर राहिलेला पाना सेल्फ लागताच कोणाच्या नडगीवर बसेल, सांगता येत नाही.

इंजिन फिरतं, पण घेत नाही. आमचे तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, म्हणतात, मारत राहा, घेईल कधीतरी. (मालवण)

तांडेलांचा मान राखून सांगतो, मारत राहू नका. इंजिन थंड करून झालेलं समुद्राचं पाणी तुमच्याकडे धुराच्या पाइपात सोडलेलं असेल, तर सेल्फच्या प्रत्येक फेऱ्याला पंप पाणी ओढतोच. इंजिन पेटलेलं नसल्यामुळे ते बाहेर ढकलायला धुराचा जोर नसतो. सायलेन्सर भरतो आणि मग पाणी एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये उतरतं. पाणी दाबलं जात नाही. वाकतो तो कनेक्टिंग रॉड.

म्हणून दहा सेकंद सेल्फ, मग मिनिटभर विश्रांती. दोन-तीन वेळा मारूनही घेतलं नाही तर सायलेन्सरचं पाणी काढा, समुद्राचं पाणी आत घेणारा सी-कॉक बंद करा आणि मगच पुढचा प्रयत्न. इंजिनाने घेताच कॉक लगेच उघडायचा, नाहीतर पंपाचा रबरी इंपेलर कोरडा फिरून फाटतो. तेवढ्यासाठी एक खलाशी कॉकजवळच बसवा. धूर चिमणीतून सुकाच जात असेल तर पाण्याची ही भीती नाही, पण सेल्फ जळायचा तो जळतोच.

न घेण्याचं कारण बहुतेक वेळा डिझेलमधली हवा असतं. फिल्टरवरचा एअरचा स्क्रू सैल करा आणि बुडबुडे थांबून स्वच्छ डिझेल येईपर्यंत हातपंप मारा. इंजेक्टरच्या पाइपाचे नट सैल करून हवा काढताना हात लांब ठेवा. त्या दाबाची धार कातडीतून आत शिरते. जखम सुई टोचल्याएवढी दिसते, दुखतही नाही, तरी त्याच घटकेला हॉस्पिटल गाठायचं.

इंजिन घ्यावं म्हणून इथरचा, म्हणजे चटकन पेटणाऱ्या द्रवाचा, स्प्रे मारला तर? (देवगड)

सुरू करण्याआधी आतली हवा तापवणारा हीटर असलेल्या इंजिनात कधीच नाही. तापलेल्या हीटरवर इथर आतल्या आत भडकतं.

मी जहाजावर नवा कॅडेट आहे. मेन इंजिन सुरू करण्याआधी इंडिकेटर कॉक, म्हणजे प्रत्येक सिलिंडरवरचा छोटा कॉक, उघडून दाबाच्या हवेवर का फिरवतात?

हर्णेच्या वाचकांना सांगितलेला पानाच हा, फक्त ३० बारच्या हवेचा. सिलिंडरमध्ये पाणी, डिझेल, ऑइल काहीही साठलं असेल तर ते उघड्या कॉकमधून बाहेर उडतं आणि कोणत्या सिलिंडरमध्ये गळती आहे तेही कळतं. इंजिन हळू फिरवणारा टर्निंग गिअर सुटल्याची खात्री आधी करा, आणि कॉकसमोर उभं राहू नका.

इंजिन सुरू झाल्यावर काय बघायचं? (अलिबाग)

ऑइलचं प्रेशर. काही सेकंदांत आलं नाही तर बंद करा. मग बाजूने पाणी पडतंय ना, ते बघा. थंड इंजिनाचा पांढरा धूर थोडा वेळ चालतो. गरम झाल्यावरही राहिला तर मेकॅनिकला बोलवा. बॅटरीचा मेन स्विच मात्र चालू इंजिनात बंद करू नका, अल्टरनेटरचे डायोड उडतात.