रे ब्रॅडबरींच्या ‘फॅरनहाइट 451’ या कादंबरीवर वाचक गटात चर्चा घ्यायची आहे. सेन्सॉरशिपशिवाय कोणते मुद्दे घेता येतील?

‘सेन्सॉरशिपशिवाय’ म्हणालात, बरं झालं. ‘जुलमी सरकारनं पुस्तकांवर बंदी घातली’ असं या कादंबरीचं सार सांगणाऱ्यांनी पुस्तकं जाळणाऱ्या फायरमनचा कॅप्टन बीटी याचं भाषण वाचलेलंच नसतं.

चर्चा तिथूनच सुरू करा. पहिल्या भागाचा शेवट: नायक मॉन्टॅग, स्वतःही फायरमन, आजारपणाचं निमित्त करून अंथरुणात, उशीखाली चोरलेलं पुस्तक. कॅप्टन बीटी पाइप पेटवून इतिहास सांगतोय आणि मॉन्टॅगची बायको मिल्ड्रेड नेमकी उशी सारखी करायला येते. तिचा हात पुस्तकाला लागतो. हा प्रसंग मोठ्यानं वाचायला वीसेक मिनिटं जातात, पण कापू नका. बीटीचा क्रम महत्त्वाचा आहे. लोकसंख्या वाढली, सिनेमा-रेडिओ आले, मजकूर पातळ झाला. अभिजात ग्रंथ आधी पंधरा मिनिटांच्या रेडिओ कार्यक्रमात, मग दोन मिनिटांच्या सदरात, शेवटी शब्दकोशातल्या दहा-बारा ओळींत. जोडीला भावना दुखावणं: कुत्रेवाले, मांजरवाले, डॉक्टर, वकील, व्यापारी, कुणाला ना कुणाला काही ना काही खटकतंच. सुरुवातीला फर्मान वगैरे काही नव्हतं, हे बीटी स्पष्ट सांगतो. घरं अग्निरोधक झाल्यावर बिनकामाच्या झालेल्या फायरमनना मग पुस्तकं जाळण्याचं हे नवं काम मिळालं.

याचा पुरावा खुद्द या पुस्तकाच्या नशिबी आला. पुस्तक 1953चं, बॅलंटाइन प्रकाशनाचं. 1967मध्ये त्याच प्रकाशकानं शाळांसाठी वेगळी आवृत्ती काढली आणि त्यात 75 जागी कात्री चालवली. शिव्या गेल्या, गर्भपाताचा उल्लेख गेला, दारुडा माणूस ‘आजारी’ झाला, बेंबीतला मळ काढण्याऐवजी कान साफ करणं आलं. काही वर्षं दोन्ही आवृत्त्या चालल्या. 1973पासून मात्र फक्त कापलेली विकली जात होती, आणि ब्रॅडबरींना पत्ता नव्हता! 1979च्या सुमारास विद्यार्थ्यांच्या पत्रांतून त्यांना हे कळलं, तेव्हा मूळ मजकूर परत आला. कुठल्या सरकारनं सांगितलं होतं? कुणीच नाही. शाळांत खपावं, एवढंच कारण. गटात कुणी रद्दीवाल्याकडून सत्तरच्या दशकातली अमेरिकन प्रत आणली असेल, तर आधी नव्या प्रतीशी ताडून बघा. नाहीतर दोघं दोन वेगळ्या पुस्तकांवर भांडत बसतील.

दुसरा मुद्दा फेबरचा, म्हणजे मॉन्टॅग ज्याच्याकडे मदतीला जातो त्या निवृत्त प्राध्यापकाचा. तीन गोष्टी लागतात म्हणतो तो: मजकुरात कस, तो पचवायला सवड, आणि त्यातून जे उमगलं त्यानुसार वागण्याचा हक्क. गट हमखास पहिल्यावर अडकतो. तुम्ही तिसऱ्यावर जास्त वेळ ठेवा, कारण मॉन्टॅग तिथेच फसतो. पाहुण्या बायकांसमोर तो ‘डोव्हर बीच’ ही कविता वाचतो, मिसेस फेल्प्स रडायला लागते, मिसेस बोल्स चिडते, आणि साध्य काहीच होत नाही.

चर्चा भरकटते ती ‘मुलं मोबाइलवर असतात’ इथे. मग सगळे पुण्यवान होतात आणि विषय संपतो. अशा वेळी मिल्ड्रेडचा चौथ्या भिंतीचा हट्ट पुढे करा. तीन भिंतींवर टीव्हीचे पडदे आहेत, चौथीला दोन हजार डॉलर, म्हणजे नवऱ्याच्या वर्षभराच्या पगाराचा तिसरा हिस्सा. ही बाई झोपेच्या गोळ्या खाऊन मरता मरता वाचलीय आणि तिला आठवतही नाही. तिला मूर्ख ठरवून मोकळं होणं सोपं आहे. तिला नेमकं काय टाळायचंय, ते विचारा.

आता पुस्तकाच्या खोडी. ‘अल्पसंख्य गटांच्या कुरकुरीनं पुस्तकं मेली’ हा बीटीचा युक्तिवाद जसाच्या तसा गिळू नका. तो बलाढ्य आणि दुबळे एकाच रांगेत उभे करतो, आणि ब्रॅडबरींनाही नंतर तो जरा जास्तच पटलेला दिसतो. सरकारही काही साधुसंत नाही: यांत्रिक शिकारी कुत्रा, डोक्यावरची विमानं, युद्ध हे सगळं त्याचंच. शिवाय पुस्तक लिहिलं गेलं ते अमेरिकेत लोकांवर कम्युनिस्ट असल्याचा संशय घेणाऱ्या सिनेटर मॅकार्थीच्या दिवसांत, हेही विसरून चालणार नाही.

आणि चर्चेआधी 1966चा दिग्दर्शक त्रुफोचा याच कादंबरीवरचा सिनेमा दाखवू नका. कादंबरीत लवकरच नाहीशी होणारी मॉन्टॅगची शेजारीण क्लॅरिस त्यात शेवटपर्यंत जिवंत आहे आणि फेबर मुळात नाहीच, म्हणजे त्याच्या तिन्ही गोष्टी गेल्या. फार तर नंतर बघा.