सितासोमा की सितासोमी? स्वाहिलीतलं 'करणार नाही'

नैरोबीत नोकरीनिमित्त राहणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे. स्वाहिलीत 'मी वाचीन' म्हणजे 'नितासोमा' हे त्यांना कळलं. मग 'मी वाचणार नाही' कसं म्हणायचं? 'हानितासोमा', 'सितासोमी' की 'सितासोमा'? ऑफिसातली मंडळी तिन्ही रूपं समजून घेतात, हसतात आणि पुढं जातात.

बरोबर रूप 'सितासोमा'. पण बाकीची दोन उगाच सुचलेली नाहीत. दोन्हींच्या मागे एकेक खरा नियम आहे, फक्त तो नको तिथं लावला गेलाय. ते कसं घडतं हे पाहिलं की उत्तर पाठ करावं लागत नाही.

स्वाहिली रोमन लिपीत लिहितात, त्याआधी काही शतकं अरबी लिपीत लिहीत. इथं मी सगळं देवनागरीत देतोय. प्रत्येक 'आ' स्पष्ट पण आखूड म्हणायचा आणि जोर नेहमी शेवटून दुसऱ्या अक्षरावर द्यायचा. ही जोराची गोष्ट लक्षात ठेवा, पुढं ती कामाला येणार आहे.

स्वाहिली क्रियापद म्हणजे एकापुढे एक जोडलेले तुकडे. 'नि-ता-सोमा' यात 'नि' म्हणजे मी, 'ता' ही भविष्यकाळाची खूण आणि 'सोमा' म्हणजे वाच. (शिकणं, अभ्यास करणं यालाही हेच क्रियापद.) नकार करायचा तर कर्त्याच्या खुणेआधी 'हा' लावायचा. आम्ही वाचू, 'तुतासोमा'. आम्ही वाचणार नाही, 'हातुतासोमा'. तुम्ही वाचाल, 'म्तासोमा'. वाचणार नाही, 'हाम्तासोमा'. ते वाचतील, 'वातासोमा'. वाचणार नाहीत, 'हावातासोमा'. इथवर हिशेब सरळ आहे.

एकवचनात मात्र तुकडे एकमेकांत मिसळतात. तू वाचशील, 'उतासोमा'. त्याआधी 'हा' लावला की 'हा' आणि 'उ' मिळून नुसता 'हु' उरतो: 'हुतासोमा'. तो किंवा ती वाचेल, 'आतासोमा'. इथं दोन 'आ' एक होतात: 'हातासोमा'. आणि 'मी'च्या जागी 'हा' अधिक 'नि' असं काही होतच नाही, तिथं थेट 'सि' येतो. वाचकांचं 'हानितासोमा' इथूनच आलं. नियम त्यांनी बरोबर ओळखला, पण नेमका पहिल्या पुरुषाच्या एकवचनात तो चालत नाही. हा 'सि' फक्त भविष्यकाळातला नाही. वर्तमान, भूत, सगळीकडे 'मी नाही' म्हणजे 'सि'. एकदा शिकला की काम झालं.

आता 'सितासोमी'. इथं दोष वाचकांपेक्षा पाठ्यपुस्तकांच्या क्रमाचा जास्त आहे असं मला वाटतं. बहुतेक पुस्तकं वर्तमानकाळाचा नकार आधी शिकवतात, आणि तोच सगळ्यांत वाकडा. 'निनासोमा' म्हणजे मी वाचतोय. त्याचा नकार 'सिसोमी'. 'ना' ही काळाची खूण गळते आणि शेवटच्या 'आ'चा 'ई' होतो. भूतकाळात 'निलिसोमा', मी वाचलं, नकार 'सिकुसोमा'. 'लि' जाऊन 'कु' आला. पूर्ण झालेल्या क्रियेचं 'निमेसोमा', माझं वाचून झालंय. नकार 'सिजासोमा', अजून वाचलेलं नाही. 'मे' जाऊन 'जा' आला. म्हणजे होकारातली काळाची खूण नकारात टिकत नाही, ती तरी गळते नाहीतर बदलते. अपवाद भविष्यकाळाचा. इथं 'ता' जागचा हलत नाही, शेवटचा 'आ'ही तसाच राहतो. बदलते ती फक्त सुरुवात. मी शिकवणीच्या पुस्तकाचा संपादक असतो तर नकाराचा पहिला धडा भविष्यकाळाचाच ठेवला असता: सहा सुरुवाती शिका, पुढं काही बदलू नका. शेवटच्या 'ई'ची सवय लागण्याआधी 'सितासोमा' जिभेवर बसलं असतं.

त्या 'ई'चा संशय वाढवणारी आणखी दोन कारणं आहेत. वाचकांच्या कानावर 'सितारुदी' नक्की आलं असणार. त्याचा अर्थ मी परत येणार नाही. शेवटी 'ई' आहे म्हणजे नकारात 'ई' येतो, असं वाटणं साहजिक आहे. पण इथला 'ई' नकाराचा नाही, क्रियापदाचाच आहे. 'कुरुदी' (परतणं) हे अरबीतून आलेलं क्रियापद, आणि अशी क्रियापदं कुठल्याही स्वरात संपतात: 'कुफिकिरी' विचार करणं, 'कुसाहाउ' विसरणं, 'कुजारिबु' प्रयत्न करणं. त्यांचा शेवट काळानं किंवा नकारानं बदलत नाही. 'नितासाहाउ' विसरेन, 'सितासाहाउ' विसरणार नाही. शेवटच्या 'आ'चा 'ई' होतो तो मूळच्या बांटू (म्हणजे स्वाहिलीच्या स्वतःच्या भाषाकुळातल्या), 'आ'कारान्त क्रियापदांत, आणि तोही फक्त वर्तमानाच्या नकारात.

दुसरं कारण जास्त फसवं आहे. 'सिताकी कुसोमा' असंही वाक्य बाजारात, ऑफिसात सतत ऐकू येतं. अर्थ: मला वाचायचं नाही. 'कुताका' म्हणजे इच्छा असणं, हवं असणं, आणि 'सिताकी' हा त्याचा वर्तमानातला नकार. कानाला 'सिता...' ऐकू आला आणि शेवटी 'ई' आला की दोन्ही गोष्टी एकाच डब्यात पडतात. गंमत अशी की त्या डब्यात त्या अगदी चुकून पडलेल्या नाहीत. भविष्यकाळाचा 'ता' हा याच 'ताका'चा झिजलेला तुकडा, असं व्याकरणकार सामान्यपणे मानतात. 'जो येईल तो' म्हणायचं असेल तर झिजलेला भाग परत दिसतो: 'आताकायेकुजा'. 'मी येईन तेव्हा' म्हणजे 'निताकापोकुजा'. तिथं 'ता'च्या जागी अख्खा 'ताका' उभा राहतो.

कर्ता माणूस नसेल तर काय, हे वाचकांनी विचारलेलं नाही, पण नैरोबीत आठवडाभरात ते लागणारच. स्वाहिलीत नामांचे वर्ग असतात आणि प्रत्येक वर्गाची कर्त्याची खूण वेगळी. नकारात त्या खुणेआधी 'हा' लावायचा, आणि इथं काही मिसळत नाही. 'किताबु' (पुस्तक) मिळणार नाही: 'किताबु हाकितापातिकाना'. पाऊस पडणार नाही: 'म्वुआ हाइतान्येशा'. झाड पडणार नाही: 'म्ती हाउताआंगुका'. इथं थांबून पाहा. 'हा' आणि 'उ' शेजारी आले, तरी 'हु' झालं नाही, 'हाउ' राहिलं. 'हु' होतो तो फक्त 'तू' असताना. त्यामुळं 'हुताआंगुका' म्हटलंत तर पडण्याची काळजी झाडाची न राहता समोरच्या माणसाची होते.

मराठी माणसाला सोपी पडणारी दोन उदाहरणं देतो. आपली 'गाडी' स्वाहिलीत 'गारी' झाली आहे आणि 'पैसा' झाला 'पेसा'. गाडी आज पोचणार नाही: 'गारी हालिताफिका लेओ'. पैसे पुरणार नाहीत: 'पेसा हाझितातोशा'. ('झि'चा उच्चार इंग्रजी झेडसारखा.) शब्द हिंदुस्थानातून गेले, पण तिथल्या वर्गांत बसल्यावर 'गारी'ला 'लि' आणि अनेकवचनी 'पेसा'ला 'झि' लागला. प्राण्यांना मात्र माणसांसारखंच वागवतात: 'सिंबा हाताकुला', सिंह खाणार नाही.

या 'हाताकुला'तला 'कु' पाहिलात? 'कुला' म्हणजे खाणं. 'कु' हा आपल्या 'णे'सारखा, नुसत्या क्रियापदाचा. 'सितासोमा'त तो गळला, मग 'सिताकुला'त का राहिला? जोराचा नियम आठवा. मूळ धातू 'ला' एकाच अक्षराचा. 'कु' काढला तर जोर 'ता'वर पडेल, आणि 'ता' जोर पेलत नाही. म्हणून 'कु' टेकू देऊन उभा राहतो. 'सिताकुजा' (येणार नाही), 'सिताकुन्य्वा' (पिणार नाही) यांचंही तेच. 'सिजासोमा'तला 'जा' मात्र जोर पेलतो, म्हणून 'मी अजून जेवलो नाही' हे 'सिजाला', तिथं 'कु' नाही. 'जाणं' म्हणजे 'क्वेंडा', त्याची 'सिताक्वेंडा' आणि 'सिताएंडा' दोन्ही रूपं ऐकू येतात.

'कु' दुहेरी असल्यानं गोंधळही होतो. 'तुला' दाखवणारी खूणही 'कु'च: 'सिताकुआंबिया', तुला सांगणार नाही. मध्ये कर्म आलं की टेकूचा 'कु' निघून जातो, कारण जोर कर्माच्या खुणेवर बसतो. त्यामुळं 'सिताकुला'चे दोन अर्थ होतात: मी जेवणार नाही, आणि मी तुला खाणार नाही. सिंहाच्या तोंडी यातला कुठलाही अर्थ असला तरी सशाला बरंच वाटावं!

आता मराठीकडं थोडं. नकारात होकाराचं रूप पार टाकून देणं आपल्याला नवं नाही. 'येईन'चा नकार 'येईन नाही' असा आपण करत नाही, 'येणार नाही' म्हणतो. 'येशील'चा 'येणार नाहीस', 'येतील'चा 'येणार नाहीत'. म्हणजे भविष्यकाळापुरती मराठीच जास्त अवघड आहे. शिवाय 'नाहीस', 'नाहीत' यांत पुरुष-वचनाची खूण नकाराच्या शब्दाला चिकटलेली असते. स्वाहिलीतल्या 'हु', 'हावा' यांत तेच घडतं. खरा फरक जागेचा. मराठीत वाक्य संपेपर्यंत माणूस येणार की नाही ते कळत नाही, स्वाहिलीत क्रियापदाच्या पहिल्या अक्षरातच निकाल लागतो. म्हणून त्या पहिल्या 'ह'ला जपा. 'आताकुजा' म्हणजे तो येईल, 'हाताकुजा' म्हणजे येणार नाही. मधल्या अंतरात फक्त एक हकार आहे, आणि 'नाही'चं 'नाय' करणाऱ्या आपल्या जिभेला हकार गिळायची खोड आहे.

सगळे नकार 'हा'नं सुरू होत नाहीत, हे राहिलं. आज्ञा, अट आणि 'जो... तो' यांत 'सि' कर्त्याच्या मागून येतो. 'उसिसोमे', वाचू नकोस. 'उसिपोसोमा हुताफाउलु', अभ्यास केला नाहीस तर पास होणार नाहीस. एकाच वाक्यात दोन्ही तऱ्हेचे नकार. 'जो येणार नाही तो' यासाठी वेगळं भविष्यरूप नाही. 'आसियेकुजा' हेच येत नाही आणि येणार नाही, दोन्हींना चालतं. सरावासाठी एक म्हण घ्या: 'उसिपोझिबा उफा, उताजेंगा उकुता', भेग बुजवली नाहीस तर भिंत बांधशील. ती उलटी करून पाहा: 'उकिझिबा उफा, हुताजेंगा उकुता', भेग बुजवलीस तर भिंत बांधणार नाहीस. होकार आणि नकार जागा बदलतात तेव्हा 'उसिपो'चं 'उकि' होतं आणि 'उता'चं 'हुता'.

लिहिताना शब्द तोडू नका. सुटा 'सिता' म्हणजे सहा, सुटा 'हाता' म्हणजे 'सुद्धा'. दोन्ही अरबीतून आलेले. 'हाता येये हाताकुजा' म्हणजे तोसुद्धा येणार नाही. यात पहिला 'हाता' वेगळा शब्द आहे, दुसरा क्रियापदाचा भाग.

'असणार नाही' कसं म्हणायचं, हेही लगेच लागेल. 'हाकुना' म्हणजे नाही, हे साऱ्या जगाला 'लायन किंग' सिनेमातल्या 'हाकुना माताता'मुळं ठाऊक आहे. त्याचं भविष्य 'हाकुताकुवा ना': 'हाकुताकुवा ना शिदा', अडचण होणार नाही. आणि 'माझ्याकडं पैसे नसतील' म्हणजे 'सिताकुवा ना पेसा'.

शेवटी ऑफिसातल्या हसण्याबद्दल. उद्याच्या गोष्टीसाठी तिथले लोक अनेकदा वर्तमानाचाच नकार वापरतात, जसं आपण 'मी उद्या येत नाही' म्हणतो: 'सिजी केशो'. त्यात ठरवून नाही म्हटल्याचा सूर आहे. 'सिताकुजा केशो' म्हणजे नुसती माहिती, उद्या येणार नाही. साहेबांकडं रजा मागताना दुसरं वापरा.