कोड गोल्फच्या (कमीत कमी बाइटमध्ये प्रोग्राम लिहायच्या खेळाच्या) उत्तराला फीडबॅक देतोयस तर हे बघ

हे बघ बाळा, आधी कोड चालवून बघ मगच बोल. बाइट कमी करायच्या नादात लई उत्तरं शून्यावर नाहीतर रिकाम्या इनपुटवर पडतात, आन तिथंच चुकलं तर बाकीच्या टिपा देऊन काय उपयोग.

व्हेरिएबलला नीट नाव द्या, कमेंट टाका, असलं तर कोणालाच सांगू नको, कॉलेजातल्या प्रॅक्टिकलची सवय असते म्हणून तोंडातून निघतं पण इथं एका अक्षराचंच नाव बरोबर. तसंच कोणी पायथनमध्ये लिहिलं तर "जेलीत (कोड गोल्फसाठीच बनवलेली भाषा) घे, अर्ध्यात होतंय" हे सांगू नको. त्याला माहितंय ते. पायथनवाल्याची स्पर्धा पायथनवाल्याशी.

टीप देताना किती बाइट वाचले आन का, दोन्ही सांग. म्हणजे कसं, कंसात एक्स प्लस वन लिहून वायनं गुणलंय ना, तिथं कंस अन प्लस वन काढून एक्सच्या आधी वजा आन टिल्ड (~) लाव, म्हणजे (x+1)*y चं -~x*y, दोन बाइट वाचले, कारण टिल्ड एक्स म्हणजे वजा एक्स वजा एक, पण हे पूर्णांकालाच चालतंय, पायथनमध्ये दशांश आला की एरर, तेवढं सांगायला विसरू नको. लातूर नांदेडकडचं फर्स्ट इयरचं पोरगं असलं तर एकदम धा टिपा नको टाकू, एकदोन दे, बाकीच्या त्याला शोधू दे की, मजा त्यातच आहे.

आन मोजताना अक्षरं नको, बाइट मोज. कोणी हौसेनं व्हेरिएबलला 'क' नाव दिलं तर यूटीएफ-8 मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) त्या एकट्या 'क'चे 3 बाइट होतात.